नार्कोलेप्सी म्हणजे आळस नव्हे

पुस्तक उघडताच मुलगा पेंगू लागला की आपण त्याला 'कुंभकर्ण' म्हणून मोकळे होतो. बहुधा त्याचे कारण जागरण हेच असते. परंतु रात्री पुरेशी झोप होऊनही ज्याला रोज दिवसा, बोलता-बोलता वा जेवता-जेवता झोप अनावर होते, त्याला बोल लावण्यापूर्वी एका रोगाचा विचार केला पाहिजे. तो रोग म्हणजे नार्कोलेप्सी.

हे नाव फ्रेंच डॉक्टर जेलिनो यांनी १८८० साली योजिले. गुंगी आणि झडप या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे.

आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तेथील काही पेशी ओरेक्सिन नावाचे द्रव्य निर्माण करतात व ते आपली जागृती टिकवून धरते. या द्रव्याचा शोध १९९८ साली लागला. रोगाच्या मुख्य प्रकारात या पेशी बहुतांशी नष्ट झालेल्या असतात. मग झोप आणि जागृती यांमधील बांधच फुटतो. निरोगी मनुष्यास स्वप्नांची झोप सुमारे दीड तासाने लागते. या रोग्यास ती पंधरा मिनिटांच्या आतही लागते.

स्वप्नावस्थेत आपले स्नायू सैल पडतात. तीच अवस्था या रोग्याच्या जागेपणी घुसते. खळखळून हसताच गुडघे लटपटतात, मान कलते. शुद्ध मात्र कायम असते. लोक त्याला फिट समजतात. झोपेच्या उंबरठ्यावर अंग हलेनासे होते, खोलीत कोणी उभे असल्याचा भास होतो. लोक त्याला भूतबाधा समजतात. या दोन्ही समजुतींत उपचाराची वर्षे वाया जातात.

रोग बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो. रात्रभर झोपेची तपासणी व दुसऱ्या दिवशी ठराविक अंतराने घेतलेल्या डुलक्यांचे मोजमाप, यांवरून निदान होते. तो समूळ बरा होत नाही. परंतु औषधे, झोपेच्या नियमित वेळा आणि दिवसा ठरवून घेतलेली छोटी झोप यांनी तो पुष्कळ आटोक्यात राहतो. वाहन चालविण्याविषयी मात्र डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे.

आपल्यासारख्या संस्थांत शिष्यवृत्त्यांचे अर्ज तपासताना 'वर्गात झोपतो' असा शेरा आपण वाचतो आणि अर्ज बाजूला ठेवतो. यापुढे तसे करण्यापूर्वी त्या मुलाला एकदा डॉक्टरकडे पाठवू या. कदाचित त्याला शिक्षेची नव्हे, औषधाची गरज असेल.