डी चे थेंब: बाळाला किती आणि कशाने मोजून?



मागच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर एका ताईंनी पिशवीतून पाकीट काढलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी दिलेली व्हिटॅमिन डी ची पावडर होती ती. "बाळाचे डी चे थेंब संपलेत. यातलीच चिमूटभर रोज दिली तर चालेल का?" बरं झालं त्यांनी विचारलं, कारण न विचारता देणारेही असतात.

त्या पाकिटात ६०,००० युनिट असतात. तान्ह्या बाळाला दिवसाला लागतात ४००. हिशोब आपल्याला नवा नाही: एक पाकीट म्हणजे बाळाचा १५० दिवसांचा, पाच महिन्यांचा डोस. मोठ्या माणसालाही ते साधारण आठवड्यातून एकदाच आणि ठरावीक आठवडेच देतात. चिमटीत किती आलं, हे कोण सांगणार?

एवढं ऊन असताना बाळाला डी कमी कसं पडतं, असं सगळ्याच विचारतात. आईच्या दुधात बाकी बहुतेक सगळं असतं, पण डी फार थोडं. त्यात आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतीण बंद खोलीत, बाळ टोपडं-दुपट्यात गुंडाळलेलं. डी फारच कमी पडलं तर हाडं मऊ राहतात, चालायला लागल्यावर पाय वाकतात. त्यालाच मुडदूस म्हणतात. म्हणून जन्मापासून वर्षापर्यंत रोज ४०० युनिट द्यावेत, असा बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला आहे. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, तर डोस डॉक्टरच ठरवतील.

खरी गडबड होते मोजण्यात. एका बाटलीत १ मिलीला ४०० युनिट असतात, दुसरीत ८००. म्हणजे दुसरीतून अर्धाच मिली द्यायचा. साठ हजारवालं औषध ५ मिलीच्या छोट्या बाटलीतही मिळतं, दिसायला अगदी बाळाच्या औषधासारखं. त्यातला १ मिली म्हणजे १२,००० युनिट, महिन्याभराचा डोस! म्हणून बाटली बदलली की आकडा पुन्हा वाचायचा. वाचता येत नसेल तर आशाताईंना दाखवा, त्यात लाज कसली. ड्रॉपर त्याच बाटलीचा वापरा. अमेरिकेतसुद्धा ड्रॉपरमुळे बाळांना जास्त डोस जातो, म्हणून २०१० मध्ये तिथल्या सरकारी औषध खात्याला पालकांना सावध करावं लागलं होतं.

एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. कॅल्शियमच्या सिरपमध्येही बहुतेक वेळा डी असतंच. दोन्ही चालू असतील तर डॉक्टरांना दोन्ही बाटल्या दाखवा.

जास्त गेलेलं डी लघवीवाटे निघून जात नाही, अंगातच साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. बाळ दूध सोडतं, वारंवार उलट्या करतं, संडासला कडक होते, लघवी फार होते, बाळ मलूल पडतं. अशा वेळी थेंब थांबवा आणि बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. बाटली विसरू नका, डॉक्टर आधी तीच मागतात.

आणखी एक. गोवराच्या लसीसोबत नवव्या महिन्यात सिस्टर एक लाख युनिटचा डोस देतात, "तो चालतो, मग हा का नाही?" असं एकीनं विचारलं. तो व्हिटॅमिन ए चा असतो आणि सहा महिन्यांतून एकदाच मिळतो. ए आणि डी ची युनिटं वेगवेगळी, त्यांची तुलना करायची नाही.

त्या ताईंनी पाकीट परत सासूबाईंच्या डब्यात ठेवलं आणि बाळासाठी नवी बाटली आणली. पुढच्या बैठकीला सगळ्यांनी घरातली बाटली ड्रॉपरसकट आणा. आशाताई येणार आहेत, एकेक वाचून बघू.