कोकण किनाऱ्यावरील समुद्रगरुड

महाराष्ट्रास लाभलेल्या सागरकिनाऱ्याचा विषय निघाला की बंदरे, जलदुर्ग, मासळी आणि नारळी-पोफळीच्या बागा यांचा उल्लेख ओघाने येतो. याच किनाऱ्यावर माणसाखेरीज आणखी एक मासेमार पिढ्यानपिढ्या आपला उदरनिर्वाह करीत आला आहे, याची जाणीव मात्र किनाऱ्यापासून थोडे आत राहणाऱ्यांसही क्वचितच असते. हा मासेमार म्हणजे समुद्रगरुड. कोकणात त्यास काकण म्हणतात. त्याला न जाळे लागते, न होडी. त्याला लागते ते एक उंच, जुने झाड आणि त्या झाडावरून दिसणारे पाणी.

२०१९ च्या जानेवारीत शासकीय कामानिमित्त रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका खाडीकाठच्या गावी जाण्याचा योग आला. कार्यक्रमास अवकाश होता, म्हणून धक्क्यावर उभा होतो. भरती लागू लागली होती. पलीकडच्या डोंगरउतारावरून एक मोठा पांढरा पक्षी निघाला आणि पंख न हलविता खाडीवर तरंगत आला. प्रथम तो बगळा वाटला. परंतु बगळ्याची चाल ही नव्हे. बराच वेळ तो उंचावरून घिरट्या घालीत राहिला. मग अंग तिरके करून तो घसरगुंडीवरून यावे तसा खाली उतरला, पाण्यास टेकतो न टेकतो तोच पंख मागे घेऊन पाय पुढे केले आणि एक थेंबही फारसा न उडविता वर निघाला. त्याच्या पायांत चकाकणारी बोय होती. हे सारे इतक्या अल्पावधीत घडले की शेजारच्या सहकाऱ्यास बोलावण्यासही वेळ मिळाला नाही.

या पक्ष्याची ओळख पटविणे अवघड नाही. पूर्ण वाढ झालेल्या समुद्रगरुडाचे डोके, मान आणि पोट शुभ्र पांढरे असते, पाठ राखाडी असते, आणि पंखांची उड्डाणपिसे काळपट असतात. खालून पाहिले असता पंखांची पुढची बाजू पांढरी व मागची काळी दिसते. शेपूट आखूड व पाचरीच्या आकाराचे, टोकाकडे पांढरे. घिरट्या घालताना तो पंख किंचित वर उचलून धरतो, त्यामुळे समोरून त्याचा आकार उथळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा भासतो. पंखांचा विस्तार सुमारे दोन मीटर, म्हणजे उंच माणसाने दोन्ही हात पसरावेत त्याहूनही अधिक. शिकारी पक्ष्यांत सामान्यपणे आढळते तसे येथेही मादी नरापेक्षा मोठी असते. पिल्ले मात्र तपकिरी रंगाची असतात आणि आईबापांचा पांढरा पोशाख अंगावर येण्यास त्यांना पाच-सहा वर्षे लागतात. या मधल्या काळात ती घारीसारखी किंवा अन्य एखाद्या गरुडासारखी दिसतात व भल्याभल्या निरीक्षकांचीही फसगत होते.

शास्त्रीय वाङ्मयात त्याची पहिली रीतसर नोंद योहान फ्रीड्रिख ग्मेलिन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७८८ साली केली. त्याचे ‘ल्युकोगॅस्टर’ हे जातिनाम ‘पांढऱ्या पोटाचा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आले आहे. या पक्ष्याचे क्षेत्र विस्तीर्ण आहे. मुंबईपासून दक्षिणेकडे भारताचा पश्चिम किनारा, पूर्व किनारा, श्रीलंका, अंदमान-निकोबार, आग्नेय आशिया आणि थेट ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. मुंबईच्या उत्तरेस तो विरळाच. म्हणजे आपले कोकण हे या प्रचंड पट्ट्याचे वायव्येकडील टोक होय. कर्नाटकात मुर्डेश्वरनजीकचे नेत्राणी बेट त्याच्या घरट्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. सिंगापूरने तर एके काळी आपल्या दहा हजार डॉलरच्या नोटेवर त्याचे चित्र छापले होते. आपल्याकडे त्याचे चित्र नोटेवर नाही. पण त्याचे नाव कोळ्यांच्या व बागायतदारांच्या तोंडी आहे, हेही काही कमी नव्हे.

मासे मारणारे शिकारी पक्षी आपल्याकडे आणखीही आहेत, आणि त्यांच्याशी तुलना केल्यास या गरुडाची रीत स्पष्ट होते. हिवाळ्यात आपल्या मोठ्या जलाशयांवर व खाड्यांवर उत्तरेकडून मीनखाई घार येते. तिला कैकर असेही नाव आहे. ती उंचावरून पाण्यात स्वतःस झोकून देते, प्रसंगी क्षणभर दिसेनाशीही होते. तिच्या नाकपुड्या मिटू शकतात आणि बाहेरचे बोट मागे वळविता येते, त्यामुळे निसरडा मासा पुढून दोन व मागून दोन अशा बोटांच्या पकडीत सापडतो. समुद्रगरुडाजवळ ही साधने नाहीत. तो बुडी मारीत नाही. बहुधा त्याचे पायच काय ते पाण्यास लागतात. साहजिकच पृष्ठभागाजवळ आलेले भक्ष्य तेवढे त्याच्या वाट्यास येते. उणीव भरून काढण्यासाठी त्याच्यापाशी दोन गोष्टी आहेत: लांब व अणकुचीदार नख्या आणि धीर. उंच फांदीवर तो तासन् तास बसून राहतो. ऊन असताना तो सूर्याकडे तोंड करून किंवा सूर्याच्या आडव्या दिशेने उडतो, जेणेकरून त्याची सावली पाण्यावर त्याच्या आधी पोहोचू नये, असे ऑस्ट्रेलियातील निरीक्षकांनी नोंदविले आहे. कधी कधी मात्र हा गरुड धीराचा मार्ग सोडून सरळ लूट करतो. मीनखाई घारीने किंवा ब्राह्मणी घारीने कष्टाने पकडलेला मासा, तिचा पाठलाग करून तो सोडावयास लावतो. पक्षिराज ही पदवी धारण करणाऱ्यास हे शोभते की नाही, याचा निर्णय वाचकांनी करावा.

त्याच्या आहारातील सर्वांत लक्षणीय पदार्थ मात्र मासा नव्हे, तर समुद्रसाप होय. आपल्या किनाऱ्यावर त्याच्या घरट्याखाली माशांच्या काट्यांबरोबर समुद्रसापांची हाडेही पडलेली आढळतात. समुद्रसापांचे विष अत्यंत जहाल असते. रापणीच्या जाळ्यात साप आला तर अनुभवी कोळीही त्यास जपून हाताळतो. पण समुद्रसापास फुप्फुसे असतात, कल्ले नसतात. श्वास घेण्यासाठी त्यास वर यावेच लागते आणि नेमक्या त्याच ठिकाणी गरुडाची नजर असते. गरुडाचे पाय कठीण खवल्यांनी आच्छादलेले असल्याने दंशाचा धोकाही कमी होतो. याखेरीज खेकडे, पाणपक्षी, वटवाघळे, किनाऱ्यास लागलेले मेलेले मासे यांपैकी त्यास काहीच वर्ज्य नाही.

आता त्याच्या गृहस्थाश्रमाकडे वळू. कारण या पक्ष्याचे बरे-वाईट जे काही व्हायचे ते येथेच ठरते. नर व मादी एकदा जोडी जुळली की बहुधा आयुष्यभर एकत्र राहतात. पावसाळा सरून समुद्र निवळला की त्यांची लगबग सुरू होते. खवळलेल्या व गढूळ पाण्यात भक्ष्य दिसत नाही, म्हणून विणीचा काळ पावसानंतर येत असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. दोघे मिळून हंसासारख्या घोगऱ्या, खणखणीत आवाजात एकमेकांस साद घालतात. हा आवाज खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर सहज ऐकू जातो. घरटे म्हणजे काटक्यांचा प्रचंड ढीग असतो. तो मोडून नवा बांधण्याऐवजी दरवर्षी त्यावरच नव्या काटक्यांची व हिरव्या पानांची भर घातली जाते. अनेक वर्षांच्या घरट्याचा व्यास दीड मीटरच्या आसपास भरतो. एवढा भार पेलणारी दुबेळकी ऐन उंचीवर असणारे झाड काही चार-दोन वर्षांत तयार होत नाही. आंबा, वड, सातवीण, सुरू यांसारख्या झाडांतील जुनी व आसपासच्या सर्वांहून उंच अशी झाडे हा पक्षी निवडतो आणि ती पाण्यापासून फार दूर असून चालत नाही.

मादी साधारणपणे दोन पांढरी अंडी घालते. ती उबविण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. उबविण्याचे काम बव्हंशी मादी करते. त्या काळात नर तिला भक्ष्य आणून देतो. दोन पिल्ले निघाली तरी अनेकदा त्यांपैकी एकच जगते. ते ७० ते ८० दिवसांचे झाले म्हणजे उडू लागते, परंतु पुढेही काही महिने आईबापांच्या क्षेत्रातच राहून शिकार शिकते. हिशेब केला तर ऑक्टोबरमधील डागडुजीपासून पिल्लू घरटे सोडीपर्यंत सुमारे पाच-सहा महिने ते एक झाड त्या कुटुंबास अबाधित मिळावे लागते. एवढ्या खटाटोपाअंती हाती येते एक पिल्लू, आणि ते वयात येण्यास पुन्हा पाच-सहा वर्षे.

त्या दिवशी गरुड मासा घेऊन ज्या दिशेस गेला त्या दिशेकडे एका वृद्ध बागायतदाराने बोट दाखविले. कार्यक्रम आटोपल्यावर ते मला आपल्या वाडीत घेऊन गेले. वाडीच्या टोकास रायवळ आंब्याचे एक जुनाट झाड होते आणि त्याच्या शेंड्याशी घरटे. खाली पाचोळ्यात माशांचे काटे पडले होते. “साहेब, माझ्या वडलांच्या वेळेपासून काकण इथं आहे,” ते म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी सांगितले की भावाभावांत जमिनीच्या वाटण्या व्हायच्या आहेत, झाड सामाईक आहे, आणि लाकडाचा व्यापारी दोनदा येऊन गेला आहे. “मी त्याला म्हटलं, शिमगा होऊ दे. पिल्लू उडून जाऊ दे, मग बघू.” पिल्लू केव्हा उडते याची तिथी त्यांना कोणत्याही पुस्तकाविना ठाऊक होती. आंबा धरीत नाही, उलट खालची पोफळ सावलीने मार खाते, हेही त्यांनी ऐकविले. त्यांच्या दृष्टीने पाहिले तर त्यात गैर काही नव्हते.

कायदा या बाबतीत मूक नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्याची अंडी व घरटे यांस उपद्रव देणे याचाही समावेश आहे, ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. आंबा हा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीतील वृक्ष असल्याने तो तोडण्यास परवानगी लागते. तेव्हा परवानगी मागणाऱ्याने व देणाऱ्याने बुंध्याचा घेर मोजताना एकवार शेंड्याकडे नजर टाकली तरी बरेच साधेल. मात्र विणीचा हंगाम संपल्यावर, रिकाम्या घरट्यासह झाड रीतसर पडले तर पक्ष्याचे नुकसान कोणत्याच कागदावर दिसत नाही. जोडी ऑक्टोबरात परत येते तेव्हा तिला जवळपास दुसरे उंच झाड मिळाले तर ठीक. न मिळाल्यास तो हंगाम वाया जातो.

घरटी कोठे आहेत हेच माहीत नसेल तर ती राखणार कशी? हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने हाती घेतले. तिच्या कार्यकर्त्यांनी कोकण किनाऱ्यावर गावोगाव हिंडून काकणांची घरटी शोधली, त्यांची नोंद केली आणि झाडांच्या मालकांशी बोलणी केली. या पाहणीचे एक अनपेक्षित फळ मंडणगड तालुक्यातील वेळास येथे मिळाले. २००२ साली गरुडाच्या शोधात तेथे गेलेल्या कार्यकर्त्यांना वाळूवर कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. चौकशीअंती ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे तेथे अंडी घालण्यास येतात आणि ती अंडी लुटली जातात, असे कळले. त्यातून ग्रामस्थांच्या साहाय्याने कासवांच्या संरक्षणाचे कार्य उभे राहिले. वेळासचा कासव महोत्सव आज अनेकांस ठाऊक आहे; त्याचा माग एका गरुडाच्या घरट्यापर्यंत जातो, हे थोड्यांस ठाऊक असेल.

या गरुडाच्या भाऊबंदांनी अन्यत्र काय सोसले तेही येथे नमूद करावयास हवे. अमेरिकेतील पांढऱ्या डोक्याचा गरुड, जो त्या देशाचे मानचिन्ह आहे, तो डीडीटीमुळे नामशेष होण्याच्या मार्गास लागला होता. पिकांवर फवारलेले विष पाण्यातून माशांत आणि माशांतून गरुडांत साठत गेले. अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली की उबवणाऱ्या मादीच्या भारानेच ती फुटत. तेथे १९७२ साली या औषधाच्या वापरावर बंदी आली आणि पुढील दशकांत गरुड सावरले. भारतात शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ साली बंद करण्यात आला. मासा खाणारा पक्षी पाण्यात मिसळलेल्या विषाचा वाटेकरी होतो, तसा मासा खाणारा माणूसही होतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा व सुरूची बने आडवी झाली. पिल्ले तोवर उडून गेलेली होती, एवढेच त्यातल्या त्यात समाधान. त्या वर्षीच्या डिसेंबरात मी त्या बागायतदारांस दूरध्वनी केला. पोफळी अर्ध्याअधिक गेल्या होत्या. रायवळ आंबा उभा होता, पण शेंडा मोडून घरट्यासह खाली आला होता. जोडी दसऱ्याच्या सुमारास परतली, दोन-तीन दिवस नुसती ओरडत फिरली आणि मग त्याच झाडाच्या खालच्या दुबेळक्यात तिने काटक्या रचावयास घेतल्या, असे ते म्हणाले. व्यापारी त्या वर्षी आला नव्हता. वादळाने पडलेले लाकूडच त्यास पुष्कळ मिळाले होते. वाटण्या झाल्या नव्हत्या, आणि झाड कोणाच्या वाट्यास जाते ते तोवर ठरले नव्हते.