गोठलेल्या भूमीचें गणित

सैबेरियांतील याकुत्स्क शहरीं १८२८ सालीं शेर्गिन नांवाच्या गृहस्थानें पाण्याकरितां विहीर खणावयास घेतली. १८३७ पर्यंत ती ११६ मीटर खोल गेली. परंतु तळाची मातीहि गोठलेलीच निघाली. पुढें १८४४ ते १८४६ या काळांत मिडेंडॉर्फ नामक शास्त्रज्ञाच्या योजनेप्रमाणें त्या विहिरींत निरनिराळ्या खोलीवर तपमान मोजण्यांत आलें. खोलीबरोबर थंडी हळूहळू कमी होत जाते, असें दिसून आलें. आणि त्यावरून हें गोठण कोठें संपत असावें, याचा अदमास बांधतां आला. जें डोळ्यांस दिसत नाहीं त्याचें मोजमापाच्या आधारें असें गणित मांडणें, यासच प्रतिमान म्हणतात.

जी भूमि निदान दोन वर्षें सतत शून्य अंश सेंटिग्रेडवर किंवा त्याखालीं राहते, तीस पर्माफ्रॉस्ट म्हणजे चिरगोठित भूमि हें नांव आहे. तिचें प्रतिमान करतांना जमिनीचे अनेक पातळ थर कल्पितात, आणि एका थरांतून दुसऱ्यांत किती उष्णता जाते याचा हिशेब संगणकाकडून करवितात. त्यांत दोन गोष्टी विसरून चालत नाहींत. पहिली, वर पडणारें हिम हें घोंगडीसारखें आहे; तें जाड असल्यास हिवाळ्यांत जमिनीची ऊब बाहेर पडत नाहीं. दुसरी, गुप्त उष्णता. एक ग्रॅम बर्फ वितळावयास ८० कॅलरी उष्णता लागते, पण तेवढ्या अवधींत तपमान चढत नाहीं. विद्यार्थ्यांनीं पेल्यांत बर्फाचा चुरा घेऊन त्यांत उष्णतामापक धरावा. ढवळीत राहिल्यास बर्फ संपेपर्यंत पारा शून्याजवळच राहतो. भूमीचेंहि तसेंच आहे. पारा स्थिर, म्हणून जमीन सुरक्षित, असें समजूं नये.

तेथील घरें व रस्ते खचतात, एवढ्यापुरताच हा प्रश्न नाहीं. या भूमींत हजारों वर्षांचे वनस्पतींचे अवशेष न कुजतां राहिले आहेत. त्यांतील कार्बन वातावरणांतील कार्बनाच्या सुमारें दुप्पट आहे. भूमि वितळली कीं सूक्ष्मजंतु ते कुजवितात, व कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हे वायु बाहेर पडून पृथ्वी अधिक तापते. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानें तापला आहे.

तरीहि गणितास मर्यादा आहे. जेथें भूमींत बर्फाचे मोठे साठे दडलेले असतात, तेथें ती थराथरानें न वितळतां एकाएकीं खचते व तळीं बनतात. अशी आकस्मिक पडझड पुष्कळ प्रतिमानांत धरलेली नसते. म्हणून गणिताचें उत्तर जमिनींतील खोल छिद्रांत सोडलेल्या उष्णतामापकाशीं पुन्हां पुन्हां ताडून पाहावें लागतें. हिशेब कितीहि मोठा असो, त्याची परीक्षा शेवटीं शेर्गिनच्या विहिरीसारख्या खड्ड्यांतच होते.