तार आणि तिचा पहारेकरी

विजेनें दिवा लागतो, पंखा फिरतो, पाणी तापतें. परंतु हें कार्य ज्या तारांच्या द्वारें घडतें, त्या भिंतींत दडलेल्या असल्यामुळें त्यांची आठवण आपणांस क्वचितच होते. प्रस्तुत लेखांत या तारांची जाडी व त्यांच्या रक्षणार्थ नेमलेली एमसीबी नामक कळ यांच्या संबंधाचा आम्ही विचार करणार आहों.

तारेंतून प्रवाह वाहूं लागला कीं ती तापते. इ. स. १८४१ मध्यें जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाल्यास उष्णता चौपट होते. तार जाड असल्यास तिचा विरोध कमी, म्हणून ती कमी तापते. घरांतील तारांवर बहुधा पीव्हीसीचें वेष्टन असतें. साधारण प्रतीचें वेष्टन ७० अंश सेल्सियसपर्यंत टिकतें. त्यापलीकडे तें कडक होऊन तडकतें व अखेर आगीस निमित्त होतें.

हा अनर्थ टाळण्यासाठीं एमसीबीची योजना आहे. तिच्या पोटांत दोन भिन्न धातूंची जोडपट्टी असते. प्रवाह मर्यादेबाहेर बराच वेळ राहिल्यास ती तापून वांकते व कळ पाडते. शॉर्ट सर्किट झाल्यास आंतील विद्युच्चुंबक हेंच काम तत्क्षणीं करतो.

येथें एक नियम लक्षांत ठेवावा: उपकरणांचा एकूण प्रवाह एमसीबीच्या आंकड्याहून अधिक नसावा, आणि तो आंकडा तारेच्या सहनशक्तीहून अधिक नसावा. तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर तारेस ६ किंवा १० अँपिअरची, २.५ च्या तारेस १६ ची व ४ च्या तारेस २० ची एमसीबी लावण्याची वहिवाट आहे. एकाच नळींत पुष्कळ तारा कोंबल्यास त्यांची सहनशक्ति घटते.

आतां एक उदाहरण घेऊं. २.५ च्या तारेवर ३००० वॅटचा गीझर, १५०० वॅटची किटली व १००० वॅटची इस्त्री एकदम चालू आहेत. एकूण ५५०० वॅट. त्यास २३० व्होल्टनीं भागिलें असतां सुमारें २४ अँपिअर होतात. १६ ची एमसीबी कांहीं वेळानें पडते. घरचीं माणसें वैतागून तिच्या जागीं ३२ ची बसवितात, आणि कटकट मिटली असें समजतात. वस्तुतः तार तीच राहिली. १६ अँपिअरच्या मानानें तींत आतां सव्वादोनपट उष्णता उत्पन्न होत आहे, आणि पहारेकरी मात्र स्वस्थ निजला आहे! पूर्वीं फ्यूजमध्यें जाड तार गुंडाळीत, त्याचाच हा नवा अवतार होय.

खरा उपाय निराळा आहे. गीझरला स्वतंत्र तार व स्वतंत्र एमसीबी द्यावी. मग त्याचे सुमारें १३ अँपिअर एकीकडे व उरलेले सुमारें ११ दुसरीकडे, असे दोन्ही भार मर्यादेंत राहतात. तसें होईपर्यंत हीं उपकरणें पाळीपाळीनें वापरावीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण विजेसही लागू आहे.

पालकांस आमची विनंति कीं, एमसीबी बदलण्यापूर्वीं जाणत्या वायरमनकडून तारेची जाडी तपासून घ्यावी. विद्यार्थ्यांनीं घरच्या उपकरणांवरील वॅटचे आंकडे वाचून बेरीज करावी. मात्र पेटी उघडूं नये. वारंवार पडणारी एमसीबी खोडकर नव्हे. ती मूक तारेची तक्रार आपल्या कानीं घालीत असते. तिचें तोंड बंद करण्याऐवजीं तिचें म्हणणें ऐकावें, यांतच घराचें कल्याण आहे.