बद्द वाजणारी होडी

सांगलीवाडीत, कृष्णेच्या काठावर राहणाऱ्याची होडीची हौस फार दिवस हौस राहत नाही. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी दारातली होडी सगळ्या गल्लीची होते. म्हणून साताऱ्याकडून, शिवसागर जलाशयाच्या काठावरून, जुनी फायबरची होडी टेम्पोत घालून आणली तेव्हाच ठरवलं, दुरुस्ती करायची ती यात माणसं बसणार असं धरूनच.

होडीला नवा निळा रंग होता. जुन्या होडीला ताजा रंग दिसला की आधी संशय घ्यावा. फायबर सहसा कुजत नाही, पण त्याच्या पोटात लाकूड असतं, फोम असतो. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तशी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं सगळी होडी ठोकून पाहा. आवाज टणक आला तर ठीक, बद्द आला तिथं खडूनं खूण करा. आमच्या होडीत इंजिन बसतं ती मागची फळी जवळजवळ सगळी बद्द वाजली. बारीक भोक पाडलं तर भुशाऐवजी काळा ओला गाळ आला. आधीच्या कुणीतरी साधा प्लाय घालून वर फायबर चढवलं होतं आणि स्क्रूची भोकं उघडीच ठेवली होती. तळाखालचा फोमही पाणी पिऊन बसला होता. असा फोम उन्हात वाळवत बसू नये, काढून टाकावा. सुका, बंद छिद्रांचा शंभर लिटर फोम शंभर किलोच्या आसपास भार तोलतो. ओला झाला की तो नुसतं ओझं.

नव्या फळीला आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लायच घ्या, आणि प्रत्येक भोक आतून इपॉक्सीनं बंद करा. जुन्या फायबरवर साध्या पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सी चांगली धरते. मात्र दुकानात मिळणारी नेहमीची मॅट इपॉक्सीत नीट भिजत नाही, कारण तिचे धागे धरणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टरमध्येच विरघळतो. इपॉक्सीबरोबर विणलेलं कापड वापरा. तडा गेलेली जागा नुसती भरू नका. जाडीच्या बारापट लांब उतार घासून मग एकेक थर चढवा.

पॉलिएस्टरचं काम करणार असाल तर एक गोष्ट घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट ओतायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर शेवटी. रेझिन थोडं थोडंच कालवा. बादलीभर कालवलं तर आपल्याच उष्णतेनं धुमसायला लागतं. रेझिनच्या वाफेला कापडी मास्क काहीच करत नाही, त्याला कार्ट्रिजचा मास्क लागतो. आणि हे काम मार्च-एप्रिलचं. पावसाळी दमट हवेत थर नीट धरत नाही, मग घाई कितीही असो.

रंगापूर्वी उथळ, संथ पाण्यात होडी मुद्दाम काठोकाठ भरून पाहा. भरलेली होडी सपाट तरंगली पाहिजे. एका अंगाला कलंडली तर फोम चुकीच्या जागी आहे. इंजिन लावणार असाल तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे तपासणी आणि नोंदणीही आलीच.

यानंतरही धोका उरतो तो माणसांच्या संख्येचा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. तिच्यात झेपतील त्याहून जास्त माणसं होती. आम्ही किती माणसं बसायची तो आकडा होडीच्या आतल्या बाजूला ठळक लिहिला. शेजारचे काका म्हणाले, "पुरात कोण मोजत बसतंय रे?" म्हणून आता आकड्याइतकीच लाइफ जॅकेटं होडीत बांधून ठेवली आहेत. ज्याला जॅकेट मिळालं नाही, तो पुढच्या खेपेला.