आभाळ मोकळं असलं तरी वैनगंगा चढते

पावसाळा ओसरताना पवनीच्या खालच्या अंगाला वैनगंगेच्या पात्रात रेती उघडी पडते आणि नागपूर-भंडाऱ्याची पोरं तंबू घेऊन येतात. माझ्या भाच्याच्या मित्रांनीही अशीच जागा हेरली होती, मीही सोबत होतो. आभाळ लख्ख, पाणी घोट्याएवढं. जाळं गोळा करणारे एक ढिवरकाका थांबले. "भाऊ, सामान वरत न्या. पानी चढून राहिलं." काठाशी त्यांनी एक काडी रोवली होती. मघाशी कोरड्यात होती, आता दोन बोटं बुडाली होती. आम्ही बाडबिस्तरा उचलून शेताच्या बांधावर गेलो. पहाटे पाहिलं तर रेतीचा पट्टा गायब, मांडलेल्या चुलीचे दगडसुद्धा दिसेनात.

ही नदी मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाटवरून आपल्याकडे येते. पाऊस तिकडे पडतो, पाणी इकडे चढतं. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस तिकडच्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं आणि भंडारा शहरात घराघरांत शिरलं, ते विसरण्यासारखं नाही. पवनीच्या वर गोसीखुर्द धरण आहे, त्याला 33 दारं. वरून येवा वाढला की ती उघडावीच लागतात. धरणाच्या वर, आंभोऱ्याकडे, धोका वेगळा: तिथे फुगवट्याचं पाणी आवाज न करता काठ गिळतं.

म्हणून मुक्कामाआधी दोन गोष्टी विचाराच: गोसीखुर्दची किती दारं उघडी आहेत आणि भंडाऱ्याच्या कारधा पुलाजवळ पातळी किती आहे. तिथे 245.50 मीटर ही धोक्याची खूण. धरणाचा भोंगा ऐकू येईलच, या भरवशावर झोपू नका. काठच्या झुडपांत काडीकचरा, पन्न्या अडकलेल्या दिसतात, मागचा पूर तिथवर आला होता. तंबू त्याच्याही वर ठोका. गाडी रेतीत उतरवू नका, तोंड रस्त्याकडे करून ठेवा. भंडाऱ्याजवळच्या कोका अभयारण्यात तर मनाला येईल तिथे तंबू लावताच येत नाही.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो रेतीउपशाच्या खड्ड्यांपायी. गुडघाभर पाण्यात पुढचंच पाऊल डोक्यावर पाणी जाईल एवढ्या खोलात पडतं, आणि गढूळ पाण्यात ते दिसत नाही. गावची माणसं आंघोळीला जिथे उतरतात तोच घाट धरा, आणि लेकरांना सोडण्याआधी काठीने तळ चाचपून घ्या.