नुसते ऐकून कळते का?

रेडिओवरच्या श्रुतिकेतील आजी सांगते, ‘पाणी उकळून प्या.’ गाव ते ऐकते; पण त्यातले मनात किती उतरते? हे मोजता येईल का?

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने असा प्रयोग केला. अहमदनगरसह (आताचे अहिल्यानगर) पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे निघाली. शेती, आरोग्य इत्यादी विषयांवरील संवाद, नाटिका ऐकून मंडळी चर्चा करीत. तुलनेसाठी मंडळ नसलेली गावेही निवडली. काहींत रेडिओ होता, काहींत नव्हता. प्रयोगाआधी व नंतर लोकांना प्रश्न विचारले. ज्ञानात सर्वांत मोठी भर पडली ती मंडळांच्या गावांत. नुसता रेडिओ मागे पडला.

तुम्हीही वर्गात एक श्रुतिका वाचा. एका गटाला चर्चा करू द्या, दुसऱ्याला नको. आठवड्याने दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारा आणि गुण ताडून पाहा.